सावरडोहची पाणीपातळी

१

दीपमाला खंडारेचं ऑफिस अमरावतीत, राजापेठेत एका ट्यूशन क्लासच्या डोक्यावर होतं. खालच्या मजल्यावर बारावीची पोरं दिवसभर सूत्रं घोकायची आणि तो आवाज फरशीतून वर यायचा. वर दोन खोल्या, तीन टेबलं, एक कूलर आणि कोपऱ्यात काळं कपाट. कपाटात सर्व्हर. तिथं तिला चार वर्षं झाली होती. वय एकतीस, लग्न नाही, आई अकोल्याला. आई रोज फोन करून नळ आला की नाही तेवढं सांगायची. नळ आठ-आठ दिवसांनी यायचा, त्यामुळे बहुतेक दिवशी सांगण्यासारखं काही नसायचं.

काम साधं होतं. मोर्शीकडच्या संत्र्याच्या पट्ट्यात बेचाळीस विहिरींच्या काठांवर कंपनीनं एकेक डबी बसवली होती. डबीतून एक वायर तळापर्यंत गेलेली. काठापासून पाणी किती मीटर खाली आहे ते डबी दर तासाला सांगायची. डब्या एकमेकींशी बोलत नसत, ऑफिसातल्या तक्त्याशीही नाही. त्या आपला निरोप ब्रोकरकडे टाकत. ब्रोकर म्हणजे त्या काळ्या कपाटातला एक प्रोग्राम. पोस्टात टपाल वेगळं करणारा माणूस असतो तसा. आलेले निरोप रांगेत लावायचे आणि जो मागेल त्याला द्यायचे, आत काय लिहिलंय ते त्यानं वाचायचं नाही.

२०१६ चा उन्हाळा होता. एकेका विहिरीची वायर तळाला टेकत चालली होती. टेकली की दीपमाला तक्त्यात शेरा लिहायची : कोरडी. तो तक्ता टँकर मंजूर करणाऱ्या सरकारी ऑफिसात जायचा. पहिल्या वर्षी हा शब्द लिहिताना तिचा हात थोडा थांबायचा. पुढे तिनं गावाचं नाव वाचायचं सोडलं, नुसता नंबर वाचायची. सोळा, कोरडी. एकोणीस, कोरडी. मग जेवणाचा डबा उघडायची.

एप्रिलात ब्रोकर दोन दिवस गप्प झाला आणि ते कोणाच्या लक्षातच आलं नाही. म्हणून त्याच्यावर नजर ठेवणारी नवी यंत्रणा बसवायचं ठरलं, आणि ते काम तिच्याकडे आलं. आधी ब्रोकरची किल्ली, म्हणजे नाव आणि पासवर्ड, त्या यंत्रणेला द्यायची. मग सगळ्या डब्यांना वेगवेगळं नाव, वेगळा पासवर्ड. आजवर सगळ्या एकाच पासवर्डवर चालल्या होत्या. शेवटी यंत्रणेला सांगायचं, शोध. ती ब्रोकरशी जोडलेलं जे जे सापडेल त्याची यादी लावते.

बारा मेला दुपारी चारला तिनं शोध लावला. यादी आली. त्रेचाळीस.

तिनं कपाटाखालचा खोका ओढून पाहिला. चार जादा डब्या होत्या, चारही बिनबॅटरीच्या. तिनं पुन्हा शोध लावला. पुन्हा त्रेचाळीस. शेवटच्या ओळीत नाव नव्हतं. कधीपासून जोडलेलं आहे, या रकान्यात ब्रोकर सुरू झाला तो दिवस होता, अडीच वर्षांपूर्वीचा. तेव्हापासून दर तासाला त्याचा एक निरोप येत होता. तिनं एक उघडला, मग दहा उघडले. आत काही नव्हतं. अडीच वर्षं कोणी तरी रिकामी पाकिटं टाकत होतं.

"झालं का?" वामनरावांनी विचारलं. ते कंपनीचे मॅनेजर, सरकारी नोकरीतून रिटायर होऊन आलेले. पाचला घरी जायचे म्हणजे पाचला जायचे. "सगळं हिरवं करून पाठवा. एकही लाल नको."

प्रत्येक ओळीत नाव आणि पासवर्ड भरल्याशिवाय पान पुढे सरकत नव्हतं. मूळ यादीत एक गाव बाकी होतं : सावरडोह. तिथल्या विहिरीचा काठ ढासळला होता, म्हणून डबी बसवायची राहून गेली होती. शाकीबनं परस्पर बसवली असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. शाकीब अचलपूरचा, फील्डवरचा माणूस. चुलतभावाच्या लग्नासाठी तो चार दिवस सुट्टीवर होता.

पावणेपाचला तिनं शेवटच्या ओळीत 'सावरडोह' लिहिलं. हाताला येतील ती अकरा अक्षरं आणि आकडे ठोकून पासवर्ड केला. ओळ हिरवी झाली.

सहा वाजता ती कुलूप लावत असताना पडद्यावर त्रेचाळीस नंबरचा नवा निरोप आला. त्यात आकडा होता. ३.१०.

२

पुढच्या आठवड्यात फोन आला. बाई मोठ्यानं बोलत होती, मागे भांड्यांचा आवाज होता.

"मी सावरडोहची सरपंच बोलतो, गोदाबाई. आमचा टँकर नामंजूर झाला. साहेब म्हनते तुमच्या विहिरीले तीन मीटरवर पानी हाय, कंपनीच्या कागदावर हाय. कोनी लिवलं ते?"

"यंत्राचं रीडिंग आहे," दीपमाला म्हणाली.

"कोनतं यंत्र? विहिरीत तळाची माती फाटली हाय बाई. बाया दोन कोस जाऊन राह्यल्या. या अन् पाहून जा."

शाकीब सुट्टीवरून आला होता. तिनं त्याला विचारलं. तो डोकं खाजवत म्हणाला, "सावरडोहले? नाही मॅडम. तिकडं मी गेलोच नाही. काठच नाही तिथं, डबी कशाले ठोकू?"

एवढ्यावर ती ओळ खोडून टाकता आली असती. पण खोडायचं तर कारण लिहावं लागलं असतं, आणि कारण तिचं स्वतःचं होतं. तिनं वामनरावांना म्हटलं, जागेवर जाऊन पाहते.

३

शाकीबच्या मोटरसायकलवर ते निघाले. मोर्शीच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही अंगांना संत्र्याच्या बागा उभ्या वाळल्या होत्या. काही ठिकाणी कुऱ्हाडी चालू होत्या. टक, टक, आणि मधे बराच वेळ काही नाही. लाकडांनी भरलेला एक ट्रक वीटभट्टीकडे गेला. ऊन चव्वेचाळीसच्या वर असेल.

सावरडोह म्हणजे साठ-सत्तर घरं. विहीर गावाच्या मधोमध, दगडी, जुनी, एका अंगानं ढासळलेली. आत उतरायला लोखंडी कड्या. गोदाबाई तिथं उभीच होती, पन्नाशीची, पदर खोचलेली. तिच्याशेजारी शेषराव. तो ग्रामपंचायतीचा पाणी सोडणारा माणूस. सोडायला पाणी नव्हतं तरी चाव्यांचा जुडगा कमरेला होता.

दीपमालानं वाकून पाहिलं. पन्नास फुटांवर तळ लख्ख दिसत होता. भेगाळलेली माती, एक रबरी चप्पल, एक फुटका माठ. काठावर डबी नव्हती. वायर नव्हती.

"पाह्यलं?" गोदाबाई म्हणाली. "आता लिवा."

"लिहिते," दीपमाला म्हणाली. तिला बरं वाटलं. यंत्रात चूक, बस्स.

तेवढ्यात शेषराव हळूच म्हणाला, "बाई, एक दाखवू का?"

"कावून आता?" गोदाबाईनं त्याच्यावर डोळे वटारले. पण त्यानं दोराला बांधलेली बादली आत सोडली होती. दोर तळापर्यंत गेला, बादली मातीवर ठण्णकन लागायला हवी होती. आवाज आला नाही. मग त्यानं दोर ओढून घेतला. वरचा दोर कोरडा होता. दोन पुरुष लांबीचा दोर वर आल्यावर पुढचा सगळा ओला. थेंब टपकत होते आणि तापल्या दगडावर पडले की लगेच सुकत होते. बादली आतून-बाहेरून ओली, आणि रिकामी.

"आठ-दहा दिवसांपासून असंच हाय," शेषराव म्हणाला.

नेमके आठ की दहा, हे दीपमालानं विचारलं नाही.

"वाफ असन," शाकीब म्हणाला. "खाली गारवा हाय, वर ऊन हाय. गार गिलासाले पानी सुटते तसं." दीपमालाला हे पटलं. पटावं असंच होतं ते. शाकीबनं चप्पल काढली, बाह्या वर केल्या. "डबी कोनी खाली टाकली असन तं पाहून येतो."

तो कड्यांवरून उतरू लागला. उतरता उतरता बोलत होता. "कड्या पक्क्या हायेत मॅडम. इथं जरा शेवाळ—"

आणि आवाज बंद झाला. दार लावल्यावर खोलीतलं बोलणं बंद होतं, तसा.

दीपमाला पाहत होती. त्याचं डोकं आठव्या-नवव्या कडीच्या खाली गेलं होतं. त्याचे केस उठले. वारा नव्हता, काठावरचं वाळकं गवतसुद्धा हलत नव्हतं, आणि त्याचे केस डोक्यावर सावकाश इकडून तिकडे डोलत होते. सदरा पाठीमागून फुगून वर आला. त्यानं कडी सोडली. तो पडला नाही. तो खाली गेला, हळूहळू, पाय खाली, हात बाजूला, झाडाचं पान जावं तसा, आणि तळाच्या मातीवर टेकला. धूळ उठली आणि उठून तिथंच थांबली.

त्यानं वर पाहिलं. त्याचं तोंड हलत होतं.

दीपमाला ओरडली नाही. शेषरावही नाही. गोदाबाई दुसरीकडे पाहत होती. तिनं हे आधी पाहिलं असावं असं दीपमालाला वाटलं आणि वाटून गेलं.

शाकीब वर आला तेव्हा त्याचे कपडे कोरडे होते. "किती हाका मारल्या तुमाले," तो म्हणाला. "बहिऱ्यावानी उभ्या राह्यल्या. काही नाही खाली. पर थंड हाय हो, लय बरं वाटते."

शेषरावची बायको सुंदराबाई घरातून अर्धा तांब्या पाणी घेऊन आली. पाहुण्याला पाणी द्यावं लागतं, म्हणून अर्धा. दीपमालानं दोन घोट घेऊन तांब्या शाकीबकडे केला.

"नको," तो म्हणाला. "तहान नाही."

४

वामनरावांना तिनं सांगितलं, सावरडोहला डबी नाही, रीडिंग खोटं आहे, ओळ काढून टाकूया.

"रीडिंग येतंय ना?"

"येतं आहे, पण—"

"दर तासाला?"

"हो."

"मग यंत्र चांगलं आहे. बाकीच्या बेचाळिसांत नऊ बंद पडलीत, त्यांचं पहा." ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांच्या टेबलावर त्या दिवशी आणखी अकरा कागद होते.

तिनं स्वतःशी हिशेब मांडून पाहिला. ऊन लागलं असेल. डोळ्यांवर अंधारी आली असेल. विहिरीच्या तोंडातून खाली पाहिलं की अंतराचा अंदाज चुकतो. माणूस कड्यांवरून उतरला, वर आला, कपडे कोरडे होते. कोरडे कपडे हा पुरावा. यापुढे तिच्या डोक्यात काही येत नव्हतं, आणि येत नाही याचं तिला वाईटही वाटत नव्हतं.

आकडे मात्र येत होते. २.८५. २.४०. मे संपला तेव्हा १.१०. बाकीच्या विहिरी खाली जात होत्या, एकामागून एक गप्प होत होत्या. त्रेचाळीस नंबर वर येत होता. सकाळी आल्यावर ती सगळ्यात आधी तोच पाहायची, आणि पाहिलं की कूलरमध्ये पाणी भरायची.

जूनच्या चार तारखेला आकडा ०.०० झाला. तासभर तसाच राहिला. मग त्याच्या आधी उणेचं चिन्ह आलं.

उणे म्हणजे काठाच्या वर.

५

रमजान सुरू झाला होता. शाकीबचे रोजे होते. उन्हातानात तो बेचाळीस विहिरी फिरत होता आणि थकल्यासारखा दिसत नव्हता. हसायचा, बोलायचा. फक्त त्याला हाक मारली की क्षणभर उशिरानं वळायचा.

दहाव्या रोज्याला दुपारी त्याच्या बायकोचा फोन आला.

"मॅडम, मी लुबना. शाकीबची घरवाली, अचलपूरहून. तुमाले तकलीफ देऊन राह्यली."

"बोला ना."

"हे पानी पीत नाहीत."

"रोजा आहे ना?"

"रोजा सोडताना पन नाही. सहेरीले नाही. खजूर खातात, रोटी खातात, गिलास तसाच. मी म्हटलं डॉक्टरकडे चला, तं हसतात. म्हनतात प्यास नाही. कित्तेक दिवस झाले मॅडम. इफ्तारले सरबत करून ठेवलं, ते पन बघत नाहीत." तिचा आवाज अगदी सरळ होता. तिनं रडून घेतलं असावं, मग फोन केला असावा. "अन् झोपेत बोलतात. एबीसीडी अन् नंबर. रोज तेच. मी लिहून ठेवलं. तुमच्या कामाचं काही आहे का?"

"वाचा."

लुबनानं एकेक अक्षर वाचलं. अकरा होती. दीपमालानं ती कागदावर उतरवून घेतली, मग ड्रॉवरमधली वही काढली. तो पासवर्ड तिनं कोणाला सांगितला नव्हता. तिला स्वतःलाही तो पाठ नव्हता. तिनं दोन्ही ओळी एकीखाली एक ठेवल्या आणि बोटानं एकेक अक्षर जुळवत गेली, तिकिटावरचा नंबर जुळवतात तसं. अकराही जुळली.

"मॅडम?" लुबना म्हणाली.

"आता त्यांना घरी ठेवा," दीपमाला म्हणाली. "कुठं जाऊ देऊ नका."

मग तिनं गोदाबाईला फोन लावला. गोदाबाईचा आवाज बदलला होता. मोठा नव्हता. घागरीत तोंड घालून कोणी बोलावं तसा येत होता, आणि प्रत्येक शब्दानंतर थोडी जागा.

"टँकरचं काय झालं?" दीपमालानं विचारलं.

"टँकर नको आता. अर्ज मागं घेतला."

"पाणी आलं?"

"आता कोनाले तहान लागत नाई," गोदाबाई म्हणाली.

६

दुसऱ्या दिवशी ती एस.टी.नं गेली. सावरडोहच्या फाट्यावर उतरणारं कोणी नव्हतं, म्हणून कंडक्टरनं घंटी मारली नाही. तिनंही मारायला सांगितलं नाही. गाव रस्त्यापासून दोन शेतांवर आहे. खिडकीतून नीट दिसतं.

सकाळचे साडेअकरा. एका घरासमोर दोरीवर लुगडं वाळत घातलं होतं. ते खाली लोंबत नव्हतं. वर उभं होतं, आभाळाकडे, आणि अगदी सावकाश एका कडेनं वळत होतं. एक बाई अंगणातून चालली होती. चालली होती म्हणजे एक पाऊल टाकायची, मग दुसरं पाऊल पडायला फार वेळ लागायचा, आणि तिचा पदर तिच्या मागे लांब तरंगत यायचा. कुंपणाच्या अलीकडे, रस्त्याच्या बाजूला, एक बकरी उभी होती. ती गावाकडे तोंड करून ओरडत होती आणि एक पाऊलही पुढे टाकत नव्हती.

गाडी पुढे गेली. शेजारी बसलेल्या बाईच्या मांडीवर पिशवी होती, पिशवीत कांदे. दीपमाला पुढच्या स्टँडपर्यंत त्या कांद्यांकडे पाहत राहिली. तिथं उतरून तिनं परतीची गाडी धरली.

ऑफिसात पोचायला अडीच वाजले. आकडा होता −१.३०. साधारण छातीएवढा.

ती खुर्चीत बसली आणि तिनं विचार केला, म्हणजे करायचा प्रयत्न केला. ओळ खोडली, नाव-पासवर्ड काढून घेतला, तर ते बंद होईल. बंद झाल्यावर आत असलेल्या माणसांचं काय होईल, हे तिला ठाऊक नव्हतं. ठाऊक असलेलं माणूस जगात कुठं असेल असंही तिला वाटेना. नाही खोडली तर आकडा वाढत जाईल. शेजारची गावं, मग तालुका, की तेवढ्यावर थांबेल, तेही ठाऊक नव्हतं. हे सगळं तिला कुणा दुसऱ्याच्या गोष्टीसारखं लांबून दिसत होतं.

तिनं गोदाबाईला फोन केला.

"सगळ्यांना गावाबाहेर काढा. रस्त्यावर आणा. अर्ध्या तासात."

"कावून?"

"यंत्र बंद करते आहे."

गोदाबाई म्हणाली, "नको करू, बाई."

"निदान विहिरीपासून दूर व्हायला सांगा."

"इथं काय कमी हाय?" गोदाबाईनं विचारलं. खरोखर विचारत असल्यासारखं. "दोन वर्सांत पयल्यांदा बाया दुपारच्या झोपून राह्यल्या. लेकरं रडत नाईत. नको करू." फोन ठेवला गेला.

दीपमालानं अर्धा तास वाट पाहिली. खाली कोणी तरी त्रिकोणमिती शिकवत होतं. तीन वाजून वीस मिनिटांनी तिनं ओळ निवडली आणि खोडली. यंत्रणेनं विचारलं, नक्की? तिनं हो म्हटलं. मग शोध लावला. यादी आली. बेचाळीस.

कुठं काही वाजलं नाही. कूलर चालू होता.

साडेतीनला लुबनाचा फोन. ती धापा टाकत होती. "पानी पीत आहेत मॅडम. रोजा तुटला, तुटू दे, अल्ला माफ करन. माठाले तोंड लावून पीत आहेत, थांबतच नाहीत. आधी उलटी झाली, मॅडम, किती पानी निघालं पोटातून. फरशीवर सगळीकडे पानी. थंड, बर्फावानी. आता पुन्हा पीत आहेत अन् रडत आहेत."

"पिऊ द्या," दीपमाला म्हणाली.

गोदाबाईला तिनं चार वेळा फोन लावला. चारही वेळा घंटी वाजत राहिली आणि आपोआप बंद झाली.

संध्याकाळी तिनं स्वतःच्या अक्षरात एक पत्र लिहिलं. सावरडोह येथे यंत्र कधीही बसवलेले नव्हते. ते नाव मी भरले. त्या नावाचे एकही रीडिंग खरे धरू नये. सरपंचांनी अर्ज मागे घेतला तोही याच आकड्यांमुळे. गावाला पाणी नाही. खाली सही केली, सकाळी एक प्रत टँकरच्या अर्जांच्या ऑफिसात नेऊन दिली, एक वामनरावांच्या टेबलावर ठेवली. ते पत्र वाचून वामनराव बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "हे पाठवायच्या आधी मला दाखवायचं होतं." महिनाअखेरपर्यंतचा पगार देतो, म्हणाले. दिलाही.

७

टँकर पाचव्या दिवशी मंजूर झाला. नोकरी गेली होती, तरी दीपमाला त्या दिवशी सावरडोहला गेली. या वेळी फाट्यावर तिनं घंटी मारायला सांगितली.

गावात घरांच्या भिंतींवर छातीएवढ्या उंचीवर एक ओळ दिसत होती, कुडाच्या, विटांच्या, सगळ्या भिंतींवरून सरळ गेलेली. खाली रंग गडद, वर फिका. हात लावला तर भिंत कोरडी.

टँकरचं पाणी विहिरीत सोडतात. ड्रायव्हरनं पाइप आत टाकला, व्हॉल्व्ह उघडला, आणि पाणी धाडधाड तळावर आपटू लागलं. आवाज चांगला होता. बाया काठाभोवती दाटल्या. दोरांत दोर अडकले, शिव्या सुरू झाल्या, कोणाची बादली कोणी ढकलली. गोदाबाई मधे उभी राहून ओरडत होती. तिचा आवाज पुन्हा पहिल्यासारखा मोठा होता, फक्त घसा बसलेला. ओठ फाटले होते. तिनं दीपमालाला पाहिलं. भरलेली बादली वर घेतली, उभ्यानंच ओंजळीनं प्यायली, पुन्हा प्यायली, तोंड पुसलं आणि बादली आत सोडली.

गावातली तिघं त्या दिवसापासून दिसली नव्हती. हे टँकरच्या ड्रायव्हरनंच सांगितलं. पोलीस येऊन गेले, माणसं विहिरीत उतरली, तळाची माती खणून पाहिली. चप्पल सापडली, ती जुनीच. तिघांचं काही नाही.

शेषराव गर्दीत नव्हता. तो पलीकडे लिंबाच्या बुंध्याशी बसला होता, चाव्यांचा जुडगा मांडीवर. दीपमाला त्याच्यापाशी गेली. काय बोलायचं ते ठरवून गेली नव्हती.

त्यानंच विचारलं. "बाई, ते तुमचं यंत्र पुन्हा लावता येते का?"

"आता टँकर रोज येईल, बाबा."

"पान्याचं नाई इचारून राह्यलो." त्यानं विहिरीकडे पाहिलं. "सुंदरा काठावर बसली व्हती त्या दिवशी. मी अलीकडं व्हतो, घराच्या दारात. पानी खाली गेलं, त्याच्यासंगं ती गेली. पडली नाई. बसल्या बसल्या खाली गेली, माह्याकडं पाहत. हात असा केला तिनं." त्यानं हात थोडा वर उचलला, ओळखीचं माणूस रस्त्यात दिसल्यावर करतात तसा. "तळाशी टेकली, अन् तिथून बी खाली. तिले काई झालं नसन. ते पानी असं नसते, तुमाले ठाव हाय. चालू केलं तं वर येईन ना?"

विहिरीपाशी दोन बाया एका घागरीवरून भांडत होत्या. दीपमाला त्यांच्याकडे पाहत होती. सांगण्यासारखं बरंच होतं. ते पाणी कुठपर्यंत आलं असतं, शाकीबच्या पोटातून काय निघालं, ती बकरी कशाला थांबली होती.

"माझी नोकरी गेली, बाबा," ती म्हणाली.

"मंग आता कोन पाह्यते ते?"

"नवीन मुलगी आली आहे."

"कोठी?"

तिनं सांगितलं. अमरावती, राजापेठ. ट्यूशन क्लासच्या वर.

त्यानं ते पुटपुटून पाठ केलं, दोनदा. मग उठला, धोतर झटकलं. टँकर रिकामा झाला होता, ड्रायव्हर पाइप गुंडाळत होता. शेषराव त्याच्याशी काही तरी बोलला, ड्रायव्हरनं मान हलवली. शेषराव केबिनमध्ये चढून बसला आणि खिडकीतून बाहेर वाकला.

"कितवा मजला म्हनला?"

"दुसरा," दीपमाला म्हणाली.